हलक्या वजनाचा चकवा

दुसरे महायुद्ध संपत आले असताना अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. उपासमारीतून वाचलेल्या माणसांना पुन्हा अन्नावर कसे आणायचे, हे त्याला शोधायचे होते. हे सगळे स्वयंसेवक होते, धडधाकट आणि मनाने खंबीर म्हणून पारखून घेतलेले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरले, पण खरा धक्का त्यांच्या वागण्याने दिला. दिवसरात्र डोक्यात अन्नच घोळू लागले. कुणी पाककृतींची पुस्तके वाचत बसे, कुणी ताटातला घास चिवडत जेवण लांबवत राही. चिडचिड, उदासी आणि एकलकोंडेपणा वाढला. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही काहींची भूक भागेना. यांतला एकही जण आरशात पाहून बारीक व्हायला निघालेला नव्हता. तरुण खेळाडूंच्या ईटिंग डिसऑर्डरचा, म्हणजे खाण्याच्या विकारांचा, विचार इथूनच सुरू करावा, असे मला वाटते. ‘दिसण्याचा हव्यास’ आणि ‘मनाचा दुबळेपणा’ ही आपली दोन लाडकी स्पष्टीकरणे इथे लागू पडत नाहीत. उपाशी शरीर निरोगी मनालाही आजारी पाडते.

खेळाडूच्या बाबतीत अडचण अशी, की त्याचे उपाशीपण ताटाकडे पाहून कळत नाही. समजा पन्नास किलो वजनाची धावपटू आहे आणि चरबी वगळता तिचे वजन चाळीस किलो भरते. ती रोज १८०० कॅलरी खाते. घरच्यांना ते पुरेसे वाटते. पण त्यातल्या ६०० सरावात खर्च झाल्या, की हृदय, मेंदू, हाडे, संप्रेरके या सगळ्यांसाठी १२०० उरतात, म्हणजे चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे तीस. अॅन लाउक्स या संशोधिकेच्या प्रयोगांत उपलब्ध ऊर्जा या पातळीच्या खाली नेल्यावर पाच दिवसांतच पाळीचे नियमन करणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडलेली आढळली. ही रेघ प्रत्येकीसाठी हुबेहूब तीच नसते, पण दिशा स्पष्ट आहे. मेंदू आधी पुनरुत्पादनाचा खर्च थांबवतो. पाळी लांबते, मग बंद होते, इस्ट्रोजेन घटते आणि ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात ती विरळ होऊ लागतात. मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन उतरते; फक्त पाळीसारखी उघड खूण नसल्याने ते उशिरा लक्षात येते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या साऱ्या बिघाडाला ‘रेड-एस’ हे नाव दिले, तेव्हा त्यात पुरुष खेळाडूंचाही समावेश केला.

मग खेळाडू वेळीच थांबत का नाही? कारण सुरुवातीला फायदा होतो. वजन उतरले की काही काळ धाव हलकी होते, उडी उंच जाते, प्रशिक्षक पाठ थोपटतात. नंतर दमणूक, आजारपणे, हाडांना पडणाऱ्या बारीक भेगा सुरू होतात. पण तोवर ‘अजून थोडे कमी केले पाहिजे’ हा विचार उपाशी मेंदूत घट्ट रुजलेला असतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: मुळात वजन उतरवण्याकडे ओढा असलेल्या स्वभावाचीच मुले अशा खेळांकडे वळत असतील, तर दोष खेळाचा कसा? काही अंशी तसे असेलही. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १३.५ टक्के खेळाडूंना खाण्याचे विकार आढळले. इतर लोकांत हे प्रमाण ४.६ टक्के होते. पुरुषांतली तफावत तर ८ टक्के विरुद्ध ०.५ टक्के होती, त्यामुळे ‘हे मुलींचे दुखणे’ हा समज बाजूला ठेवावा. जिम्नॅस्टिक्ससारख्या, दिसण्यालाही गुण असलेल्या खेळांतल्या ४२ टक्के महिला खेळाडूंना विकार होता. चेंडूच्या खेळांत १६ टक्के. स्वभाव आणि खेळ यांतला वाटा या आकड्यांवरून वेगळा काढता येत नाही. पण खेळाच्या नियमांना हात लावल्यावर काय होते, हे पाहता येते.

१९९७ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण सुमारे महिनाभरात वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथल्या संघटनेने रबरी सूट आणि सॉना यांवर बंदी घातली, वजन लढतीच्या तोंडावर घ्यायला सुरुवात केली आणि हंगामाआधीच प्रत्येकाचे किमान वजन ठरवून टाकले. पुढच्या पाहण्यांत वजन उतरवण्याचा अतिरेक कमी झालेला दिसला. मल्लांचे स्वभाव तेच होते. स्की-जंपिंगमध्येही २००४ पासून फार हलक्या खेळाडूला आखूड स्की वापराव्या लागतात. हलकेपणाचा फायदा तिथे नियमानेच कापला जातो.

आपल्याकडे पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगट ५० किलो गटात १०० ग्रॅमने जास्त भरली. त्यावरून तिला कुठला विकार होता असे म्हणणे चूकच. पण एरवी ५३ किलोत खेळणारी मल्ल तिथवर कशी येते, यापेक्षा चर्चा झाली ती कोण चुकले याची. स्पर्धेच्या दोन्ही दिवशी वजन घेण्याचा नियम म्हणजे नियमांनी भागत नाही याचा पुरावा, असेही कुणी म्हणेल. मला तो अर्धवट नियमाचा पुरावा वाटतो. वजनाची परीक्षा दोनदा झाली, पण किती खाली जायचे याला तळ घातला गेला नाही. ‘आपल्याकडे कुपोषण आहे, हे श्रीमंत देशांचे चोचले’ हा आक्षेपही टिकत नाही. ऊर्जेची तूट अन्न परवडत नाही म्हणून आली की गट गाठायचा म्हणून, हे हाडांना कळत नाही. वसतिगृहाच्या तुटपुंज्या मेसवर दोन वेळचा सराव करणाऱ्या मुलीला तर बारीक व्हायची इच्छा नसतानाही ही तूट येते. तालमीत खुराकाला मेहनतीइतकाच मान देणाऱ्या कोल्हापूरला हे पटवायला फार त्रास पडू नये.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी तो तळ घालणे अवघडही नाही. हंगामाच्या सुरुवातीला लघवीच्या साध्या तपासणीतून शरीरात पुरेसे पाणी आहे ना हे पाहायचे, चिमट्याने त्वचेच्या घडीची जाडी मोजून चरबीचा अंदाज घ्यायचा, त्यावरून किमान वजन ठरवायचे आणि त्याखालच्या गटात त्या वर्षी नाव घ्यायचे नाही. मुलींच्या नोंदवहीत पाळीच्या तारखेचा एक रकाना वाढवायचा. तो सलग तीन महिने कोरा राहिला, तर सराव वाढवण्याआधी डॉक्टर गाठायचा.