उभ्या माऊसची संवय

नवें उपकरण दुकानांत पाहतांना त्याचें रूप डोळ्यांना दिसतें. त्याचा गुण मात्र कळतो तो हाताला, आणि तोहि कांहीं दिवसांनीं. नवी विळी घरांत आली म्हणजे पहिला आठवडा तिची धार, तिची उंची आणि गुडघ्याखालीं येणारा तिचा पाट यांच्याशीं जुळवून घेण्यांतच जातो. संगणकाबरोबर येणारा माऊस हेंहि असेंच हाताचें उपकरण आहे. फरक इतकाच, कीं विळी दिवसांतून तासभर चालते आणि माऊस आठ-आठ, दहा-दहा तास हातांतून सुटत नाहीं. या माऊसचें एक निराळें रूप गेल्या कांहीं वर्षांत घरोघर दिसूं लागलें आहे. नेहमींचा माऊस पालथ्या तळहाताखालीं सपाट बसतो. हा नवा माऊस कडेवर उभा केल्यासारखा असतो. तो धरतांना आंगठा वर येतो, तळहात डावीकडे वळतो, आणि कोणाशीं हस्तांदोलन करावें तसा हात टेबलावर राहतो. त्याला उभा माऊस म्हणण्यास हरकत नाहीं.

बदलापूर पश्चिमेकडील सोनिवलीसारख्या वस्तींत हा प्रश्न कोठून आला, असें कोणी विचारील. पूर्वीं येथील नोकरदार मनुष्य सकाळीं बदलापूर स्टेशनावर जाऊन मुंबईची लोकल धरी, आणि सुमारें ६८ किलोमीटरांवरील छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत किंवा त्याच्या अलीकडे कोठें तरी उतरून दिवसभर कचेरींत बसे. खुर्ची, टेबल, संगणक या सर्वांची काळजी कचेरीची. २०२० च्या मार्च महिन्यांत महामारीमुळें मुंबईच्या लोकल गाड्या बंद झाल्या आणि सर्व लोकांकरितां त्या पुन्हां खुल्या होण्यास, तेहि ठराविक वेळांपुरत्या, २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. या अवधींत कचेरीच घरांत आली. पण कचेरीची खुर्ची मात्र आली नाहीं. जेवणाचें टेबल, पलंगाची कड, शिवणयंत्राचा पाट, जें मिळेल त्यावर संगणक मांडून माणसें कामास लागलीं. कित्येकांचें तें काम अजूनहि आठवड्यांतील कांहीं दिवस घरूनच चालतें. मनगटाचें दुखणें या मांडणीबरोबर पुष्कळ घरांत शिरलें.

माऊस मुळांत कसा होता हें पाहिल्यास आजची अडचण नीट समजते. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं १९६४ सालीं पहिला माऊस बनविला. तो लांकडाचा एक लहानसा ठोकळा होता. त्याच्या पोटाशीं एकमेकांशीं काटकोनांत बसविलेलीं धातूचीं दोन चाकें आणि वर एक बटन, एवढेंच त्याचें अंग. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें एंगलबार्ट यांनीं तो भर सभेंत चालवून दाखविला. दोरीची शेपटी असलेला म्हणून त्याला उंदीर म्हणूं लागले, असें सांगतात. हें नांव प्रथम कोणीं ठेवलें तें खुद्द एंगलबार्ट यांनाहि नक्की सांगतां येत नसे. मराठींत गणपतीच्या वाहनास हें काम सोपविण्याचा मोह कित्येकांना झाला, परंतु व्यवहारांत माऊस हाच शब्द रूढ झाला, आणि तो बरा आहे. बिनतारी माऊसला आतां शेपटी उरली नाहीं, पण नांव राहिलें.

त्यानंतर पोटांतील चाकांच्या जागीं गोळी आली. २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गांतून महाराष्ट्रांतील लक्षावधि लोकांनीं संगणक हाताळण्यास आरंभ केला, तेव्हां पुष्कळांच्या हातीं पहिल्यानें आला तो हा गोळीचा माऊस. गोळी काढून आंतल्या लहान रुळांवर बसलेला मळ नखानें खरवडण्याचें काम ज्यांनीं केलें आहे त्यांना त्याची आठवण सांगावयास नको. पुढें गोळी गेली व प्रकाश आला. हल्लींच्या माऊसच्या पोटांतील लहानसा डोळा टेबलाच्या पृष्ठभागाचीं दर सेकंदास हजाराहून अधिक चित्रें टिपतो आणि एका चित्रांतील ठिपके दुसऱ्यांत किती सरकले यावरून हालचाल मोजतो. म्हणूनच स्वच्छ कांचेच्या टेबलावर साधा माऊस बावरतो. त्या डोळ्यास पाहण्याजोगें कांहीं सांपडतच नाहीं. अशा टेबलावर जुन्या दिनदर्शिकेचें एक पान घातलें कीं काम भागतें.

सारांश, साठ वर्षांत माऊसचें पोट दोनदां बदललें. पाठ मात्र बहुतेक तशीच राहिली. पालथा हात ठेवावयाचा तो ठोकळा, हेंच त्याचें रूप. आणि दुखतें तें पाठीवर ठेवलेल्या हातास.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन लांब हाडें असतात. आंगठा वर करून हात पुढें धरला म्हणजे तीं जवळजवळ समांतर असतात. हात पालथा केला, कीं एक हाड दुसऱ्यावरून वळून आडवें जातें. हें प्रत्येकानें आतां बसल्या जागीं करून पाहावें: डाव्या हातानें उजव्या हाताचा मधला भाग पकडून उजवा तळहात हळूहळू पालथा करावा, आंतल्या आंत कांहीं तरी वळल्याचें स्पष्ट जाणवतें. हात थोडा वेळ असा पालथा राहिल्यानें कांहींच बिघडत नाहीं. पण सपाट माऊस त्याला तासन् तास तसाच ठेवतो. शिवाय माऊस उजवीकडे दूर असला, तर मनगट करंगळीच्या बाजूस झुकतें, आणि बटनावर बोटें उचलून धरण्यासाठीं हाताच्या पाठीचे स्नायु सतत ताणलेले राहतात.

उलट बाजूनें पाहूं. जात्यावर दळतांना खुंटा धरणारा हात पाहावा. खुंटा उभा, मूठ उभी, आंगठा वरच्या अंगास. आपल्या आज्या-पणज्या पहाटे पायलीभर धान्य दळीत, तें काम जड होतें, कमरेस आणि खांद्यास शीण होई. पण कोणींहि खुंटा आडवा बसविण्याची सूचना केली नाहीं. लिहिणाराचा हातहि पालथा नसतो. तो करंगळीच्या कडेवर टेकलेला, अर्धवट उभा असतो. शाळेंत पाटीवर पेन्सिल धरावयास शिकविलेला हात हाच. उभा माऊस काढणारांनीं कांहीं अपूर्व शोध लावला असें नव्हे. हाताची ही जुनीच ठेवण त्यांनीं संगणकापर्यंत आणली. लॉजिटेक कंपनीनें २०१८ सालीं काढलेल्या अशा माऊसचा कल ५७ अंशांचा आहे, म्हणजे तो पुरा उभाहि नाहीं व आडवाहि नाहीं.

आतां तो वापरतांना कसा वाटतो हें पाहूं. समजा, सोनिवलींतील एका बिऱ्हाडांत एक बाई एका व्यापारी पेढीच्या हिशेबाचें काम घरीं बसून करितात. दिवसभर आंकड्यांचे लहान लहान चौकोन निवडावयाचे, एक बीजक उघडावयाचें, दुसरें मिटावयाचें. काम जितकें होईल तितका मोबदला. मनगट दुखूं लागल्यामुळें त्यांनीं उभा माऊस आणला.

पहिला दिवस फजितीचा जातो. दोन्ही हात टंकलेखनांत असतात, तेथून उजवा हात माऊसकडे जातो तो जुन्या संवयीनें वरून खालीं पडतो, आणि उभा माऊस कलंडतो. त्याला वरून नव्हे, बाजूनें धरावा लागतो. दुसरी अडचण बटनांची. सपाट माऊसचें बटन दाबलें म्हणजे जोर टेबलावर जातो व माऊस जागचा हलत नाहीं. उभ्या माऊसचीं बटनें उजव्या कुशीस असतात. तीं दाबतांना जोर आडवा, डावीकडे जातो. आंगठ्यानें पलीकडून आधार दिला नाहीं तर ऐन दाबण्याच्या क्षणीं माऊस किंचित् सरकतो आणि हव्या त्या चौकोनाऐवजीं शेजारचा निवडला जातो. हिशेबाच्या कामांत शेजारचा चौकोन म्हणजे काय, हें सांगावयास नको. जड माऊस यासाठींच बरा. फार हलका उभा माऊस घेऊं नये.

तिसरी गोष्ट अधिक खोल आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं असें दाखविलें, कीं एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोंचण्यास लागणारा वेळ दोन गोष्टींवर अवलंबून असतो: लक्ष्य किती दूर आहे, आणि तें किती रुंद आहे. दूरचें व अरुंद लक्ष्य सर्वांत त्रासाचें. सपाट माऊसवर शेवटची बारीक दुरुस्ती मनगट आणि बोटें करितात. उभ्या माऊसवर तेंच काम कोपर व खांदा यांच्याकडे सोंपवावें लागतें. खांदा बलवान् असला तरी बारकाव्याचा नव्हे. रांगोळीचा ठिपका कोणी खांद्यानें टाकीत नाहीं. म्हणून पहिल्या आठवड्यांत काम मंदावतें, आणि कामावर मोबदला असणारास ही मंदी खिशांत जाणवते. महिन्याच्या अखेरच्या गर्दींत नवा माऊस सुरू करण्याचा वेडेपणा कोणीं करूं नये. पहिल्या पंधरवड्यांत, रोज दोन तास या मानानें सुरुवात करावी हें उत्तम.

दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बहुधा निराळा अनुभव येऊं लागतो. माऊस कलंडत नाहीं. आंगठा आपोआप आधार देतो. संध्याकाळीं हाताच्या पाठीवरील ओढ कमी वाटते. मात्र क्वचित् नवेंच एक दुखणें उपटतें, तें आंगठ्याच्या मुळाशीं किंवा खांद्यांत. याचें कारण बहुतेक वेळां माऊस नसून टेबल असतें. जेवणाचें टेबल सामान्यतः पाऊण मीटरच्या आसपास उंच असतें. बुटक्या बांध्याच्या व्यक्तीस त्यावर हात ठेवण्यासाठीं खांदे उचलून बसावें लागतें. उभ्या माऊसवर सारा हात खांद्यापासून हलत असल्यामुळें उचललेला खांदा लवकर थकतो. खुर्चीवर एक जाड उशी घालून कोपर टेबलाच्या पातळीस आणावें, आणि मग पाय अधांतरीं राहतील त्यांच्याखालीं जेवावयास बसण्याचा पाट ठेवावा. ही युक्ति नव्या माऊसपेक्षां पुष्कळ स्वस्त आहे. कित्येकांचें दुखणें केवळ तिनेंच हटेल, आणि त्यांना माऊस बदलण्याचें कारणहि उरणार नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण जाहिरातींत ती सांगत नाहींत. मनगटाच्या पुढच्या अंगास हाडें आणि एक चिवट पट्टा यांनीं बनलेला अरुंद बोगदा आहे. त्यांतून बोटांकडे जाणारे नऊ स्नायुबंध व एक मोठा मज्जातंतु जातो. पारसिकच्या बोगद्यांतून पूर्वीं जात असे ती सकाळची भरलेली लोकल डोळ्यांसमोर आणावी. त्या गर्दींत एकच नाजूक उतारू आहे, तो हा मज्जातंतु. स्नायुबंधांस सूज आली कीं तो चेपला जातो, आणि आंगठा, तर्जनी, मधलें बोट यांना मुंग्या येतात; रात्रीं झोंप मोडते, हात झटकावा लागतो. हें दुखणें जडलेल्या रुग्णांवर उभा माऊस वापरून केलेला एक अभ्यास २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें, कीं उभ्या माऊसनें मनगटाचा कल सुधारतो खरा, पण बोगद्यांतील दाब कमी होत नाहीं. तेव्हां नुसता हात अवघडत असेल त्यानें हा माऊस अवश्य वापरून पाहावा. ज्याला रात्रीं मुंग्या येतात त्यानें मात्र दुकानाकडे न जातां डॉक्टरांकडे जावें. नव्या माऊसच्या भरंवशावर सहा महिने काढल्यास तेवढ्या काळांत आंगठ्याच्या मुळाचा स्नायु अशक्त होऊं शकतो, आणि शिवणाऱ्या, कणीक तिंबणाऱ्या हाताला तें परवडणारें नाहीं.

मापाचा प्रश्नहि लहान नाहीं. पायांत घालावयाची वहाण आपण माप पाहून घेतों. माऊस मात्र चित्र पाहून मागवितों. उभा माऊस हाताला मोठा झाला तर बोटें बटनांच्या टोंकांपर्यंत पोंचत नाहींत, मूठ ताणावी लागते, आणि ज्या सुखासाठीं तो आणला तेंच नाहींसें होतें. लॉजिटेकनेंच २०२२ सालीं लहान व मध्यम हातांसाठीं निराळा उभा माऊस काढला आणि त्याबरोबर डावखुऱ्यांसाठीं त्याचें उलटें रूपहि काढलें. सपाट माऊस बहुधा दोन्ही हातांस चालतो. संगणकास सांगून त्याचीं बटनें अदलाबदल करतां येतात. उभा माऊस तसा नव्हे. उजव्या हाताचा तो उजव्याचाच. एकाच संगणकावर सगळें घर बसत असेल, आणि त्यांत एखादें मूल डावखुरें असेल, तर त्या मुलावर हा माऊस लादूं नये.

कोंकणपट्टीच्या हवेचाहि विचार करावा. ज्या माऊसची पाठ मऊ रबरी लेपाची असते, तो लेप उल्हास नदीच्या खोऱ्यांतील चार-पांच पावसाळ्यांत चिकट होण्याचा संभव असतो. साध्या खरखरीत प्लास्टिकचा माऊस दिसावयास गरीब, पण टिकावयास बरा. शिवाय बिनतारी माऊसची वीज ऐन कामांत संपते. तार जोडूनहि चालणारा, किंवा साधा बॅटरीचा सेल बदलतां येणारा माऊस असल्यास दुकानाची वाट पाहावी लागत नाहीं.

किंमत साध्या माऊसच्या कित्येक पट असते, म्हणून जुना टाकून देण्याची घाई करूं नये. संगणकास दोन्ही माऊस एकाच वेळीं जोडतां येतात व दोन्ही चालतात. वर सांगितलेल्या बिऱ्हाडांत तशीच व्यवस्था केलेली असावी: हिशेबाच्या वेळीं उभा माऊस, बारीक चित्र किंवा नकाशा पाहण्याच्या वेळीं आडवा, आणि उजवा हात थकला म्हणजे तोच आडवा माऊस डाव्या हाताला. संध्याकाळीं मुलगा अभ्यासास बसला, कीं तो कांहीं न बोलतां उभा माऊस बाजूला सारतो आणि आडवा पुढें ओढतो.