मातीचा कर्जरोखा

दूरदेशीं माल धाडणाऱ्या व्यापाऱ्यापुढें दोन प्रश्न नेहमींच उभे असतात: माल सुखरूप पोंचेल काय, आणि पोंचल्यावर पैसा परत येईल काय? सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं तैग्रिस नदीच्या कांठीं वसलेल्या अश्शूर नगरींतील व्यापाऱ्यांनीं दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मातींत शोधिलें.

त्यांची मोठी पेठ होती सुमारें १,००० किलोमीटरांवर, आजच्या तुर्कस्तानांतील कानेश येथें. गाढवांच्या पाठीवर कथील व लोंकरी कापड लादून तांडे निघत, ते सुमारें सहा आठवड्यांनीं तेथें पोंचत. कथिलाला तेथें अश्शूरच्या जवळजवळ दुप्पट भाव येई. मोबदला चांदी-सोन्यांत मिळे. परंतु पुष्कळसा माल उधारीनें जाई, आणि उधारी म्हटली कीं पुरावा आलाच.

तो पुरावा असा तयार होई. तळहातांत मावेल एवढ्या ओल्या मातीच्या पाटीवर बोरूनें कीलाक्षरें उमटवून रक्कम, मुदत, व्याज व साक्षीदारांचीं नांवें लिहीत. पाटी वाळली कीं तिच्याभोंवतीं मातीचें पातळ वेष्टन घालून त्यावर तोच मजकूर पुन्हां लिहीत, आणि ऋणको व साक्षीदार त्यावर आपापली मुद्रा फिरवीत. ही मुद्रा म्हणजे दगडाची बोटाच्या पेराएवढी नळी. तिच्यावर देव, उपासक व पशु उलटे कोरलेले असत. लाटण्यासारखी ती मातीवर फिरविली कीं चित्रांची सलग पट्टी उठे.

रोखा धनकोपाशीं राही. आंतील आंकडा बदलावयाचा तर वेष्टन फोडणें भाग, आणि तें एकदां फोडलें कीं सर्वांच्या मुद्रा पुन्हां मिळविणें आलें! तंटा झाल्यास वेष्टन फोडून आंतील मजकूर ताडून पाहत. कर्ज फिटलें कीं पाटी ऋणकोस परत जाई. अशी पाटी ‘मेली’, असें ते लोक म्हणत.

पत्रेंहि अशाच वेष्टनांतून जात. पुशु-केन हा व्यापारी कानेशला असे. त्याची पत्नी लमस्सी अश्शूरला राहून कापड तयार करवी व त्याजकडे पाठवी. तुम्ही गेल्यापासून परिचितानें दोनदां घर बांधिलें, आपलें केव्हां व्हावयाचें, असें ती एका पत्रांत विचारते.

इ. स. पूर्व १८३५ च्या सुमारास ही वस्ती आगींत सांपडली. घरें जळालीं, माती मात्र टिकली, पुष्कळ ठिकाणीं तर आंचेनें अधिकच टणक झाली. १९२५ सालीं बेद्रिख ह्रोझ्नी यांना व्यापाऱ्यांची ही पेठ सांपडली. १९४८ पासून तहसीन ओझगुच यांनीं तेथें दीर्घकाळ उत्खनन केलें. एकूण सुमारें २३,००० पाट्या मिळाल्या असून २०१५ सालीं युनेस्कोनें त्यांची नोंद जागतिक स्मृतींत केली आहे.

त्यांतील कित्येक रोख्यांचीं वेष्टनें अद्याप अभंग आहेत. कर्ज फिटलें असतें, तर ते रोखे धनकोच्या घरीं राहिले नसते. तेव्हां तीं कर्जें बहुधा फिटलींच नाहींत. पण साक्ष मात्र चार हजार वर्षें ढळली नाहीं.