प्रिंटमध्ये रेषा आल्या की सारखं क्लिनिंग मारताय? थांबा, हेड त्यानेच जाऊ शकतं

कोपर स्टेशनच्या आसपासच्या गल्लीतलं एखादं फ्लेक्सचं दुकान डोळ्यांसमोर आणा. गणपती चार दिवसांवर आलेत, रात्रीचे अकरा वाजलेत. मंडळाचा दहा बाय वीसचा बॅनर मशीनवर चढलाय. शुभेच्छुकांचे फोटो छापायला सुरुवात होते आणि तेवढ्यात अध्यक्षांच्या कपाळावरून आडवी पांढरी रेघ जाते.

ऑपरेटर प्रिंट थांबवतो, क्लिनिंगचं बटण दाबतो. रेघ तशीच. पुन्हा दाबतो. सहाव्या वेळी तर गुलाबी रंग पूर्णच गायब आणि बाप्पाचा चेहरा हिरवट. सुरुवातीला चार नोझल बंद होती, आता अख्खी रांग बंद आहे.

फ्लेक्सचं काम चौरस फुटाच्या भावाने चालतं. हेड बदलायची वेळ आली तर खर्च हजारोंत आणि काही मॉडेलमध्ये लाखाच्या घरात जातो. म्हणजे सणाची कमाई एका सुट्या भागात जायची. म्हणूनच सातव्यांदा बटण दाबण्याआधी आत काय चाललंय ते समजून घेतलं पाहिजे.

हेडमध्ये असतं काय?

बॅनर छापणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये पिझो प्रकारचं हेड असतं. विजेचा झटका मिळाला की आतला पिझो घटक किंचित आकार बदलतो आणि शाईचा थेंब बाहेर ढकलतो. थेंबाचं माप पिकोलिटरमध्ये, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या भागात मोजतात. फ्लेक्सच्या धंद्यात माहीत असलेल्या कोनिका ५१२ हेडला ५१२ नोझल असतात, तर एप्सनच्या डीएक्स ५ ला १४४०. प्रत्येक नोझल माणसाच्या केसापेक्षाही बारीक.

सॉल्व्हेंट शाईतला द्रव उडून गेला की रंग आणि रेझिन मागे उरतं. फ्लेक्सवर ते हवंच असतं, कारण त्यामुळेच बॅनर पावसात टिकतो. तेच नोझलच्या तोंडावर झालं की नोझल बुजतं.

क्लिनिंगचं बटण नेमकं काय करतं?

इको सॉल्व्हेंट मशीनमध्ये हेड एका टोकाला जाऊन कॅपवर बसतं. कॅपची रबरी कड हेडला घट्ट चिकटते, खालचा पंप शाई ओढून घेतो आणि वायपर हेडचा तळ पुसतो. मोठ्या सॉल्व्हेंट मशीनमध्ये बरेचदा उलटं असतं. तिथे पर्ज करून शाई वरून दाबाने ढकलतात आणि मग हेड पुसतात.

म्हणजे पहिल्या प्रकारात क्लिनिंगचा निकाल कॅप, पंप आणि वायपर या तिघांवर ठरतो. कॅपची कड फाटली असेल तर पंप शाईऐवजी हवा ओढतो. वायपरवर वाळलेली शाई असेल तर प्रत्येक क्लिनिंगला तो हेडवर घाणच फासतो. अशा वेळी बटण जितकं दाबाल तितकं बिघडत जातं आणि महागडी शाई वेस्टच्या बाटलीत जाते ती वेगळीच.

नोझल चेक वाचायला शिका

क्लिनिंगच्या आधी आणि नंतर नोझल चेक काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. आजाराचा अंदाज तिथेच येतो.

• दर वेळी त्याच जागी रेषा तुटते: नोझल खरंच बुजलं असण्याची शक्यता जास्त. क्लिनिंगचा उपयोग होतो तो इथेच.

• तुटण्याची जागा दर वेळी बदलते: शाईच्या वाटेत हवा शिरली आहे. डॅम्पर, नळीचा जोड किंवा कॅप तपासा.

• चेक चांगला येतो, पण थोडं छापल्यावर रंग फिका पडत जातो: शाई पुरेशी पोचत नाही. फिल्टर किंवा डॅम्पर तुंबलाय का ते बघा.

• रेषा आहे, पण तिरकी पडते: नोझल अर्धवट बुजलंय किंवा हेडच्या तळाला धागा, धूळ चिकटली आहे.

• पिवळ्यात गुलाबी मिसळतो: कॅपमध्ये शाई साचून राहते आणि शेजारच्या रंगात शिरते. पंप किंवा वेस्टची नळी बघा.

• अख्खा पट्टा एकदम गायब, बाकी सगळं स्वच्छ: केबल, बोर्ड किंवा हेडच्या सर्किटचा दोष असू शकतो. इथे क्लिनिंगने काहीच होणार नाही.

• नोझल चेक पूर्ण, तरी बॅनरवर पट्टे: बहुतेक वेळा हेडचा दोष नसतो. मीडिया पुढे सरकण्याचं माप म्हणजे फीड, आणि दोन्ही दिशांच्या छपाईची जुळणी बघा.

मग कोणत्या क्रमाने जायचं?

आधी सोपं आणि स्वस्त. लिंट न सुटणाऱ्या कापडाने किंवा फोमच्या काडीने कॅपची कड आणि वायपर पुसा. त्यासाठी त्याच शाईच्या कंपनीचं क्लिनिंग सोल्युशन वापरा. वायपर कडक झाला असेल तर बदला, हेडच्या तुलनेत तो अगदीच स्वस्त पडतो.

मग कॅपची परीक्षा. हेड बाजूला करून कॅप सोल्युशनने काठोकाठ भरा. पंप चालल्यावर ते झटकन ओढलं गेलं तर पंप आणि नळी ठीक. तसंच पडून राहिलं तर दोष तिथे आहे. सोल्युशन व्यवस्थित ओढलं गेलं, तरी हेड बसल्यावर शाई येत नसेल तर कॅपची कड किंवा उंची बघा.

एवढं झाल्यावर एकदा साधं क्लिनिंग आणि नोझल चेक. फरक दिसला तर आणखी एकदा. दोन-तीनदा करूनही फरक नसेल तर थांबा. हेड नीट कॅपवर बसवून काही तास तसंच राहू द्या. हवेचे बुडबुडे बसतात, वाळलेली शाई मऊ होते. रात्री अडलेलं हेड सकाळी एका क्लिनिंगमध्ये सुटल्याचा अनुभव या धंद्यात नवा नाही.

त्यानंतरही तेच असेल तर टेक्निशियनला बोलवा आणि नोझल चेकचे सगळे कागद त्याच्यासमोर ठेवा. त्याचा अर्धा वेळ वाचतो.

या गोष्टी मात्र करू नका

सॉल्व्हेंटच्या हेडवर पाणी किंवा हाताला लागेल तो थिनर वापरू नका. चुकीच्या द्रवाने शाईच्या गाठी होतात, हेडमधले चिकटवलेले जोडही सुटू शकतात.

सिरिंजने जोर लावून सोल्युशन मारू नका. आतला पातळ पडदा दाबाने फाटतो. अल्ट्रासॉनिक यंत्रात हेड बुडवणं हा तर शेवटचा आणि जोखमीचा उपाय आहे, तो जाणकारानेच करावा.

हेडच्या चपट्या केबलवर शाई किंवा सोल्युशन सांडलं असेल तर मशीन चालू करू नका. शॉर्ट झालं तर हेडसोबत बोर्डही जळतो. स्वस्त मिळाली म्हणून वेगळ्या कंपनीची शाई जुन्या शाईवर ओतू नका.

काम करताना हातमोजे घाला आणि खोलीत हवा खेळती ठेवा, कारण सॉल्व्हेंटची वाफ फुप्फुसांसाठी वाईट. वेस्टची बाटली गटारात रिकामी करू नका.

वीज, पंखा आणि पावसाळा

छपाई चालू असताना वीज गेली की हेड बॅनरच्या मधोमध उघडं पडतं. कॅपवर परत जाणार कसं? त्यासाठी मशीनला यूपीएस हवा. मोठा बॅनर पूर्ण नाही झाला तरी चालेल, हेड कॅपवर जाण्यापुरती वीज मिळाली पाहिजे. यूपीएस नसेल तर मेन स्विच बंद करून, मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच, हेड हळूच हाताने कॅपवर सरकवा.

उकाड्यात लोक टेबलफॅन मशीनकडे फिरवतात. त्या झोतात नोझलच्या तोंडावरची शाई लवकर वाळते. पंखा माणसाकडे ठेवा, हेडकडे नको. पावसाळ्यात दमट हवेने मीडियाची कड वर उचलली जाते आणि पळतं हेड तिला घासतं. एक घासणं दहा क्लिनिंगपेक्षा जास्त नुकसान करतं. रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि हेडची उंची मीडियाप्रमाणे बदला.

हेड बिघडतं कधी आणि कळतं कधी?

डोंबिवलीत बॅनरचा हंगाम कॅलेंडरवरच लिहिलेला असतो. गणपती, नवरात्र, दिवाळी, आणि मग गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, जी १९९९ साली याच शहरात सुरू झाली. या दिवसांत मशीन सतत चालतं, शाई वाहती राहते आणि हेड बहुधा कुरकुर करत नाही.

खरा धोका असतो तो मधल्या शांततेत. अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष लागतो. शुभेच्छांचे बॅनर थांबतात, दुकानदार दमलेला असतो, मशीन बंद करून गावाला जातो. त्या पंधरा दिवसांत शाई नोझलमध्ये वाळते आणि ते कळतं थेट घटस्थापनेच्या आदल्या रात्री, देवीचा बॅनर अर्धा छापल्यावर.

त्यामुळे काम नसलं तरी रोज एक नोझल चेक आणि सगळ्या रंगांची हातभर पट्टी छापा. दोन-चार रुपयांची शाई जाईल. जास्त दिवस बंद ठेवायचं असेल तर मॅन्युअलप्रमाणे हेड सोल्युशनने फ्लश करून, स्वच्छ कॅपवर बसवून जा. नवरात्रात अध्यक्षांच्या कपाळावर रेघ नको असेल तर पितृपक्षात मशीनकडे बघायला हवं.