पुनर्विकासाच्या करारावर सही करण्यापूर्वी

जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली की सोसायटीच्या सभेत तीन प्रश्न हमखास विचारले जातात. जागा किती वाढणार, भाडे किती मिळणार आणि कॉर्पस फंड किती देणार. हे प्रश्न रास्तच आहेत. पण भिंत कशाची असणार, खिडकी किती उघडणार आणि दरमहा वीज किती लागणार, हे विचारणारा सभासद क्वचितच आढळतो. भाडे दोन-चार वर्षे मिळते. भिंत आणि खिडकी मात्र पुढच्या पिढीपर्यंत तशीच राहते. म्हणून आज या विषयाकडे आम्ही वाचकांचे, विशेषतः घर चालविणाऱ्या भगिनींचे लक्ष वेधू इच्छितो.

वाशीचेच उदाहरण घेऊ. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहराचा पहिला विभाग म्हणून वाशी उभी राहिली. सेक्टर ९ आणि १० मधील जे.एन.-१, जे.एन.-२ या इमारतींत नोकरदार, कामगार अशा साध्या कुटुंबांनी हप्ते भरून घरे घेतली. काही वर्षांतच छताचे प्लॅस्टर कोसळू लागले, सळया उघड्या पडल्या. दर पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, तेव्हा आपले नाव त्यात आहे का, हे धडधडत्या काळजाने पाहणारी कुटुंबे येथे आहेत. २०१५ साली शासनाने अशा इमारतींसाठी अडीच चटईक्षेत्र मंजूर केले आणि पुनर्विकासाची वाट मोकळी झाली. आज त्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. हे व्हायलाच हवे होते.

खर्च कोठून वाढतो?

चार मजली इमारतीत जिना चढून जाता येत होते. मनोऱ्यात लिफ्ट अहोरात्र चालते. पाण्याचेच पाहा. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले तर पाच माणसांच्या घराला ६७५ लिटर लागते. हे पाणी ७५ मीटर, म्हणजे सुमारे पंचवीस मजले वर चढवायला पंपाची निम्मी शक्ती वाया जाते असे धरून महिन्याला आठएक युनिट वीज लागते. चार मजली इमारतीत हेच काम दीड-दोन युनिटांत होत होते. त्यात जिन्यातले व वाहनतळातले दिवे, अग्निशमनाचे पंप यांची भर पडते. हा सारा खर्च देखभालीच्या बिलातून प्रत्येक घराच्या माथी येतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला तो झेपला नाही तर हक्काचे नवे घर विकून पनवेल-उलव्याकडे जाण्याची पाळी येते. घर मिळवायचे आणि राखता येऊ नये, यासारखे दुःख नाही.

भिंत, खिडकी आणि गच्ची

आपली हवा उष्ण आणि दमट. येथे घर गार राहते ते वाऱ्याने आणि सावलीने. हल्ली बऱ्याच मनोऱ्यांत साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. काम झटपट होते, पण काँक्रीटमधून उष्णता सहज आत येते. त्या मानाने ए.ए.सी. ब्लॉकच्या, म्हणजे सच्छिद्र हलक्या विटांच्या भिंतीतून ती कित्येक पटींनी कमी येते. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन असते. तेथे छज्जा नसेल आणि मोठी काच असेल तर रात्री अकरापर्यंत खोली तापलेली राहते. मग एअर कंडिशनर ही चैन न राहता गरज होऊन बसते.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने १४ डिसेंबर २०१८ रोजी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. घरांच्या भिंती, छत आणि खिडक्या कशा असाव्यात, याचे मोजमाप त्यात आहे. ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी ती आहे. तिचा एक नियम गृहिणीलाही टेपने मोजता येईल. उष्ण-दमट हवेत खिडक्या आणि बाहेर उघडणारी दारे यांचा उघडणारा भाग घराच्या चटईक्षेत्राच्या एक षष्ठांश तरी असावा. म्हणजे ४८० चौरस फुटांच्या घराला ८० चौरस फूट. आणि येथेच मेख आहे. सरकत्या खिडकीचा एका वेळी निम्माच भाग उघडतो. नकाशावर मोठी दिसणारी खिडकी प्रत्यक्षात अर्धीच असते. कब्जाची, म्हणजे दारासारखी उघडणारी खिडकी जवळजवळ पूर्ण वारा देते.

२०२२ च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत मोठ्या निवासी इमारतीही आल्या. तरीही अशी संहिता राज्याच्या आणि स्थानिक संस्थेच्या नियमांत उतरावी लागते. त्याची वाट पाहत बसण्यापेक्षा ती अट आपल्या करारात लिहून घेणे हा जवळचा मार्ग होय.

पाऊस आणि ऊन

राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पावसाचे पाणी साठविण्याची वा मुरविण्याची सोय करावी लागते. वाशीची बरीचशी जमीन खाडीकाठची, भरावाची. जमिनीखालचे पाणी वर आणि खारे असते तेथे शोषखड्ड्याचा फारसा उपयोग नाही. येथे टाकी हवी. वर्षाला अडीच हजार मिलीमीटर पाऊस धरला तर ५०० चौरस मीटरच्या गच्चीवरून, पाचवा हिस्सा वाया गेला तरी दहा लाख लिटर पाणी येते. सारे साठविता येणार नाही, पण पावसाळ्याचे चार महिने संडासात आणि धुण्याला तेच वापरता येईल.

२०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक विजेसाठी प्रति किलोवॅट १८ हजार रुपये अनुदान ठेवण्यात आले. दहा किलोवॅटच्या संचाला साधारण हजार चौरस फूट गच्ची लागते आणि महिन्याला सरासरी हजार-बाराशे युनिट वीज मिळते. मनोऱ्यातील सर्व घरे त्यावर चालणार नाहीत, पण लिफ्ट आणि पंपाचा बराच भार हलका होईल. त्यासाठी गच्ची संस्थेच्याच ताब्यात राहील, हे करारात स्पष्ट हवे.

काय करावे?

पुनर्विकासासाठी सहकार खात्याचे ४ जुलै २०१९ चे मार्गदर्शक निर्देश आहेत. त्यानुसार संस्था आपला वास्तुविशारद वा प्रकल्प सल्लागार नेमते. निविदा काढण्यापूर्वीच त्याच्याकडून या अटी लिहून घ्याव्यात. पश्चिमेच्या भिंतीला छज्जा, खिडक्यांचे माप, भिंतीचा प्रकार, गच्चीवर उष्णतारोधक थर व पांढरी फरशी, कार्यक्षम पंप, पाण्याची टाकी. बांधकाम २० हजार चौरस मीटर वा अधिक असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. तिच्या अटींची प्रत मागून घ्यावी. ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष दिसला तर रेरा कायद्याप्रमाणे तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करणे विकासकावर बंधनकारक आहे, हेही ध्यानात ठेवावे.

“याने खर्च वाढेल,” असे विकासक म्हणेल. काही बाबतीत ते खरेही आहे. पण छज्जा, कब्जाची खिडकी, पांढरी गच्ची यांना मोठा पैसा लागत नाही. त्या नकाशात आधी काढाव्या लागतात, एवढेच. नंतर त्या बसविता येत नाहीत.

घरातले काम मात्र आपल्या हाती आहे. ७५ वॅटचा जुना पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट जातात. ३० वॅटचा बी.एल.डी.सी. पंखा ११ युनिटांत भागवितो. तीन पंख्यांमागे महिन्याला ४८ युनिट वाचतात.

आमची एकच विनंती आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेला घरातील बाईमाणसाने जरूर जावे. सभासदत्व पतीच्या नावे असेल तर त्याच्यामार्फत हे प्रश्न लेखी द्यावेत आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. उन्हाळ्यात त्या स्वयंपाकघरात कोण उभे राहणार आहे, हे नकाशा काढणाऱ्याला कळले पाहिजे.