थंड कांड्या, विजेचा लोंढा

दाताची झिर्कोनियाची कॅप पक्की होते ती सुमारे १५०० अंश सेल्सिअसला. टोस्टरमधली निक्रोमची तार १४०० च्या आसपासच वितळते. म्हणून कॅप भाजण्याच्या भट्ट्यांत बहुधा मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या कांड्या असतात.

या कांड्या तशा हट्टी. थंड असताना त्यांचा विद्युतरोध पुरत्या तापल्यानंतरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. सरळ बटण दाबले, तर विजेचा लोंढा आत शिरून फ्यूज उडालाच म्हणून समजा.

इथे थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच कामाला येतो. भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० अर्धलहरी. सुरुवातीला तो प्रत्येक अर्धलहरीचा फक्त शेवटचा तुकडा आत सोडतो आणि कांड्या तापतील तसा तुकडा वाढवत नेतो. या कापाकापीचा विद्युत-गोंगाट आजूबाजूच्या उपकरणांना छळतो, हेही खरे. निक्रोमच्या हीटरला एवढी उठाठेव नको. तिथे अख्ख्या लहरी सोडणे-अडवणे पुरते आणि साधा सॉलिड स्टेट रिले ते काम करतो.

रिलेची एक खोड मात्र धोक्याची: बिघडला की तो बहुधा बंद पडत नाही, चालूच राहतो. त्यामुळे तापमर्यादा ओलांडताच वीज तोडणारा वेगळा कॉन्टॅक्टर मालिकेत बसवतात.