कुलपाच्या पोटातली किल्ली

उरण-पनवेल पट्ट्यात जमिनी गेल्या, पैसा आला, दारात नव्या गाड्या उभ्या राहिल्या आणि आजोबांची बुलेट किंवा येझ्दी पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली गेली. चिरनेरसारख्या गावांतून अशा गाड्या अजूनही निघतात. एखाद्या दिवशी नातवाला हुरूप येतो. टायर, ट्यूब, कार्ब्युरेटर, बॅटरी अशी यादी होते, मेकॅनिक येऊन जातो, आणि सगळं ठरल्यावर कोणाच्या तरी लक्षात येतं की चावीच नाही. देवघराचा खण, शिवणाच्या मशीनचा ड्रॉवर, बिस्किटांचा जुना डबा, सगळीकडे शोध होतो. डब्यातून वीसेक चाव्या निघतात. त्यातली एकही लागत नाही.

इथे बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एक तर स्क्रूड्रायव्हर ठोकून कुलूप फोडतात, नाही तर मेकॅनिकच्या ‘नवा लॉक सेट टाकू’ला मान डोलावतात. माझ्या मते दोन्हींची घाई नको. चावी हरवली तरी तिची नक्कल कुलपाच्या आत शाबूत असते. कुलूप फेकलंत, की ती नक्कलही भंगारात गेली.

पण त्याआधी त्या गाडीला चावी लागते का, हे पाहायला हवं. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे चिरनेरचं नाव महाराष्ट्रभर झालं. त्या काळातल्या बऱ्याच मोटारसायकलींना इग्निशनची चावी हा प्रकारच नव्हता. ठिणगी मॅग्नेटोतून यायची, म्हणजे इंजिन फिरलं की वीज आपोआप तयार. बॅटरीची गरज नाही, म्हणून तिचा रस्ता चालू-बंद करायला स्विचही नाही. इंजिन बंद करायचं तर ती वीज बटणाने चेसिसवर उतरवून टाकायची.

हे तत्त्व पुढे भारतीय रस्त्यांवरच्या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये बराच काळ टिकलं. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनलेली यामाहा आरएक्स १०० घ्या. तिचा स्विच ‘बंद’ असतो तेव्हा आतले संपर्क प्रत्यक्षात जोडलेले असतात, ठिणगीची वायर अर्थ झालेली असते. ‘चालू’ केला की जोड तुटतो. बुलेटचं उलट. तिथे बॅटरीची वीज स्विचमधून कॉइलकडे जाते, स्विच तुटला की ठिणगी मेली. स्विच खराब झाला असेल तर पहिली गाडी बंदच होत नाही आणि दुसरी चालूच होत नाही. मेकॅनिकने तक्रार ऐकूनच निम्मं निदान करावं ते यावरून. बुलेटवाल्याला तर अॅमीटरचा काटाही सांगतो. चावी फिरवली आणि कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट मिटलेले असतील, तर काटा उण्याकडे झुकतो. झुकला नाही, तर चावीला दोष देण्याआधी बॅटरी आणि फ्यूज बघा. (गंमत अशी, की १९५८ साली रॉयल एनफिल्डसाठी अॅमीटर बनवून सुरू झालेला मिंडांचा कारखाना आज देशातल्या दुचाक्यांना कुलपं पुरवणाऱ्या मोठ्या नावांपैकी एक आहे.)

जावाची तऱ्हा आणखी वेगळी. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून ज्या गाड्या बाहेर काढल्या, त्यांच्या हेडलाइटच्या डोमवरच्या स्विचला लागणारी चावी म्हणजे दाते नसलेली एक खुंटी. आत दाबली की संपर्क जुळतो. एका जावाची चावी शेजारच्या जावाला चालते. सुरक्षेचा भार होता तो हँडल लॉकवर. तेव्हा जावाची इग्निशनची चावी हरवली म्हणून कोणी डोळ्यांत पाणी आणू नये. हँडल लॉकची हरवली असेल तर मात्र काम आहे.

दात्यांची चावी लागणाऱ्या गाड्यांमध्ये कुलपाची रचना साधारण एकच असते. बाहेर एक कवच, आत फिरणारा दंडगोल, त्याला बॅरल म्हणतात. बॅरलमध्ये पाच-सहा पातळ पितळी पत्त्या एकामागे एक बसवलेल्या. प्रत्येक पत्तीला मधोमध चौकोनी खिडकी, बाजूला केसाएवढी स्प्रिंग. चावी नसते तेव्हा पत्त्या बॅरलच्या बाहेर डोकावून कवचाच्या खाचेत अडकतात, त्यामुळे बॅरल फिरत नाही. बरोबर चावी आत गेली, की प्रत्येक दाता आपापल्या पत्तीला नेमकं हवं तेवढं उचलतो, सगळ्या पत्त्या बॅरलच्या अंगाशी सपाट होतात आणि चावी फिरते. पत्त्यांच्या खिडक्या चार वेगवेगळ्या उंचींच्या आणि पत्त्या पाच धरल्या, तर कागदावर १०२४ जोड्या होतात. सगळे दाते सारखेच असल्या जोड्या कारखाना टाळतो, म्हणून खऱ्या त्याहून कमी. त्यात तीस-चाळीस वर्षांची झीज. जत्रेत एकाच्या चावीने दुसऱ्याची गाडी चालू होते, त्यात चमत्कार काही नाही.

ब्रिटिश गाड्यांचं गणित तर याहून तोकडं. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कित्येक ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टनच्या लुकास स्विचना ‘एफए’ मालिकेच्या चाव्या लागत, क्रमांक ५०१ ते ६२५. म्हणजे एकूण १२५ चाव्या. अशा १२६ गाड्या मैदानात उभ्या केल्या, तर किमान दोन गाड्यांची चावी एकच निघणार. मालकाचा फायदा असा, की क्रमांक कुलपाच्या तोंडावर कोरलेला असतो. भिंग आणि टूथब्रश घेऊन तो वाचता आला, तर कुलूप न उघडता चावी मागवता येते. जपानी गाड्यांतही बऱ्याचदा चावीवर किंवा कुलपावर क्रमांक सापडतो. म्हणून पहिलं काम शोधण्याचं, ठोकण्याचं नव्हे.

क्रमांक नसेल तर चावीवाला. चांगला चावीवाला कुलूप गाडीवरच असताना चावी काढतो, ते पाहण्यासारखं असतं. आधी तो खाच जुळणारी कोरी चावी निवडतो. मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून तिला काजळी चढवतो, कुलपात घालून हलकेच दोन्हीकडे मुरडतो आणि बाहेर काढून उन्हात तिरपी धरतो. काळ्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे पितळी ठिपके उमटलेले असतात. जी पत्ती अडली, तिने तिथे ओरखडा काढला. बारीक कानशीचे दोन-तीन हात नेमके त्या ठिपक्यांवर, फुंकर, पुन्हा काजळी, पुन्हा कुलपात. ज्या जागी ठिपका उमटायचा थांबला, ती पत्ती बसली, तिथे कानस लावायची नाही. जास्त घासलं तर चावी वाया आणि सुरुवात पहिल्यापासून. बघणारे घाई करतात, तो करत नाही. शेवटी बॅरल सुटतो तेव्हा आवाज फारसा होत नाही, त्याच्या मनगटाला आधी कळतं.

स्विच डोममधून काढून दिला तर काम आणखी सोपं. बॅरल बाहेर ओढला की पत्त्या उघड्या दिसतात, कोणती किती वर आली ते मोजून दाते पाडायचे. एखादी पत्ती झिजून निकामी असेल तर तशाच दुसऱ्या कुलपातली घालायची. पत्त्यांची जागा बदलून इग्निशन, हँडल आणि टूलबॉक्स एकाच चावीवर आणता येतात, अर्थात तिन्हींची खाच एकच असेल तर.

आपल्या भागात खरा शत्रू वेगळाच आहे. मिठागरांवरून आणि खाडीवरून येणारी खारी हवा, वर चार महिने पाऊस. पत्त्या पितळी असल्या तरी त्यांच्या स्प्रिंगा पोलादी, त्या गंजतात. जस्ताच्या ओतीव कवचावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. पत्त्या अडकतात आणि आठवडाभर शोधून सापडलेली अस्सल चावी पहिल्याच झटक्यात कुलपात मोडते. म्हणून आधी गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर राहू द्या, मग चावी घाला. मोडलीच तर जिगसॉच्या बारीक पात्याचा दाता तुकड्याला अडकवून ओढतात. कुलूप सुटल्यावर आत इंजिन ऑइल ओतायचा मोह टाळा, धूळ बसून त्याची खळ होते. पेन्सिलीच्या शिशाची कोरडी पूड पुरते.

हँडल लॉक लावलेल्या स्थितीत चावी हरवलेली असेल तर प्रकरण नाजूक. दोघांनी हँडल धरून पिरगाळायचं, हा गावठी उपाय कुलपाआधी फ्रेमची मान खराब करतो. शेवटचा मार्ग ड्रिलचा, आणि तोही जाणत्याच्या हातून. अनेक गाड्यांचा चेसिस नंबर त्याच मानेवर कोरलेला असतो. ड्रिल घसरून एक आकडा खरवडला, तर पनवेलच्या एमएच-४६ आरटीओत नंबर पटवताना तुमची बाजू लंगडी पडते.

नवा स्विच घ्यावाच लागला, तर गाडी ६ व्होल्टची की १२ ची, हे विसरू नका. ३५ वॉटच्या दिव्याला १२ व्होल्टवर तीनेक अँपिअर लागतात, ६ व्होल्टवर सहाच्या आसपास. स्वस्त स्विचचे संपर्क या भाराने तापतात, आणि अर्धा व्होल्ट तिथेच गेला तर ६ व्होल्टच्या गाडीत दिवा मिणमिणतो. काढण्याआधी बॅटरीची वायर सोडा, प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो घ्या. पुण्याचा जुना बाजार, नाना पेठ, मुंबईचा चोर बाजार इथे जुने स्विच मिळतात. काढलेलं कुलूप मात्र जपून ठेवा.

कागदांचं थोडं. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल न केलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक, २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत, पुनर्नोंदणीला ५,०००. रोजच्या वापराला ती चालत नाही. कुलूप बदलल्याने यात काही बिघडत नाही. पण पडवीतली गाडी बहुधा आजोबांच्याच नावावर असते. वारसाने ती आपल्या नावावर करायला फॉर्म ३१ भरायचा असतो. सचोटीचा चावीवालाही आधी आरसी बुक मागतो, आणि मागावंच.

चावी तयार झाली की लगेच दुसरी करून घ्या, आणि कुलपावरून घडवलेली पहिली कपाटात ठेवून दुसरी वापरा. वापरून झिजलेल्या चावीची नक्कल केली तर झीजही नकलेत उतरते, आणि नकलेची नक्कल तिसऱ्या पिढीत पत्त्यांना ओळखू येईनाशी होते.