मुंज्या हिंदी बोलतो का?

जून २०२४ मधली गोष्ट. ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट पाहून आम्ही सारे घरी परतलो. पानं मांडली गेली, आमटीभाताचे चार घास पोटात गेले आणि नऊ वर्षांच्या पुतणीनं माझ्या आईला विचारलं, “आजी, तुझ्या गावच्या पिंपळावरचा मुंज्यापण हिंदी बोलायचा का गं?”

आईचं माहेर रत्नागिरीकडचं. हातातला घास तसाच ठेवून ती म्हणाली, “आमचा कुठला बोलतोय! तो नुसते खडे मारायचा.”

सगळे हसलो, पण प्रश्न काही मनातून जाईना. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आधीच जो मुलगा गेला, तो मुंज्या. त्याला राहायला पिंपळ लागतो. गिऱ्हा पाण्याच्या कडेला असतो, चकवा रानात वाट चुकवतो. कोकणातल्या प्रत्येक भुताला असा पत्ता असतो आणि नेमून दिलेलं कामही असतं. तिन्हीसांजेनंतर विहिरीवर जाऊ नये, पोरांनी एकट्यानं रानात शिरू नये, हे ‘जाऊ नकोस’ म्हणून कोण ऐकणार? आजी गिऱ्ह्याची गोष्ट सांगे आणि पोरं आपसूक घरी येत.

गेल्या काही वर्षांत ही मंडळी पडद्यावर आली आहेत आणि चांगलीच रुळली आहेत. ‘मुंज्या’चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, गोष्टीचं मूळ कोकणातलं आणि सुहास जोशींनी रंगवलेली आजीही आपल्या घरातली वाटावी अशी. चित्रपटानं शंभर कोटींच्या वर गल्ला जमवला. याच सरपोतदारांनी २०२२ साली ‘झोंबिवली’ काढला होता, तो मात्र अस्सल मराठीत. त्यातले जिवंत मुडदे थेट डोंबिवलीत अवतरतात आणि टोलेजंग इमारती व शेजारची वस्ती यांच्यातला पाण्याचा तंटा त्या धुमाकुळातही सुटत नाही. नळाला पाणी येण्याची वाट पाहिलेल्या माणसाला त्या भुतांपेक्षा हा तंटा अधिक ओळखीचा वाटतो.

पण या साऱ्यांत मुकुटमणी म्हणावा तो राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’. १९१८ ते १९४७ हा काळ, कोसळणारा पाऊस, पडका वाडा आणि सोन्याच्या मोहरांसाठी पुन्हा पुन्हा त्या गर्भात उतरणारा विनायक. हस्तर हा त्यातला शापित देव सोन्याचा लोभी आणि अन्नाचा भुकेला. म्हणूनच त्याला कणकेची बाहुली दाखवून भुलवायचं. चित्रण २०१२ साली सुरू झालं आणि चित्रपट लोकांसमोर आला २०१८ च्या ऑक्टोबरात. खराखुरा पाऊस हवा म्हणून मंडळी एकामागून एक पावसाळे थांबली. पहिल्या खेपेला प्रेक्षक बेताचेच आले. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा त्यानं पहिल्या वेळेपेक्षा अधिक पैसा मिळवला. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेलं, प्रेरणा नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेची. भाषा मात्र हिंदी.

इथे मराठी माणसाचा ऊर भरून येतो आणि लगेच दुखायलाही लागतो. भुतं आमची, वाडा आमचा, लेखक आमचा. मग बोलणं हिंदीत का?

उत्तर अवघड नाही. इतके पावसाळे थांबायला पदरी पैसा लागतो, आणि तो परत यायचा तर देशभरचा प्रेक्षक लागतो. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ साली मराठीत आला. उसाच्या फडात वाट हरवलेली गरोदर स्त्री आणि जन्माआधीच नाकारलेल्या मुली, असा त्याचा विषय. पूजा सावंत यांनी तो जीव ओतून उभा केला. त्याच दिग्दर्शकानं तीच गोष्ट २०२१ साली ‘छोरी’ या नावानं हिंदीत केली, तेव्हा ती कितीतरी अधिक घरांत पोहोचली. मुलगी नको म्हणणारी घरं काही एकाच भाषेत बोलत नाहीत. ती गोष्ट हिंदीत गेली याचं वाईट वाटून घ्यावं की बरं वाटून घ्यावं?

आणि आपल्या हक्काचा दावा तरी कितपत निखळ? धारपांची ‘आजी’ ही स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या एका कथेवरून घेतलेली. धारपांनी ती परकी म्हातारी उचलली आणि मराठी घरात आणून अशी बसवली, की ती कुठून आली हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. गोष्ट इंग्रजीतून मराठीत आली तेव्हा आपण खूश होतो. मराठीतून हिंदीत गेली तर रडायचं कशाला? भुताला भाषेची वेस आडवी येत नाही.

मात्र त्याला मातीची गरज असते. ‘तुंबाड’मध्ये कणीक, पाऊस आणि वाडा जागच्या जागी राहिला, म्हणून हिंदी बोलूनही तो आपला वाटतो. छोट्या पडद्यावर झी मराठीच्या ‘रात्रीस खेळ चाले’नं २०१६ साली हेच केलं. नाईकांच्या वाड्यातली माणसं मालवणी बोलली आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांनीही ती समजून घेतली. अण्णा नाईक आणि शेवंता लक्षात राहिले ते भुतं म्हणून कमी आणि हाव, वासना नि भाऊबंदकीत अडकलेली माणसं म्हणून जास्त.

तेव्हा भीती आहे ती वेगळीच. हिंदी पडदा आपली भुतं पळवून नेईल, ही नव्हे. ती पडद्यावर आली, म्हणून घरात सांगायची कुणाला गरज वाटणार नाही, ही. पडद्यावरचा मुंज्या साऱ्या देशाला एकच दिसतो. आजीचा मुंज्या दर घरी निराळा असे, आणि ऐकणारं पोर जिथे घाबरे तिथे ती आवाज उतरवून त्याला जवळ घेई. ही सोय कुठल्याच चित्रपटगृहात नाही.

त्या रात्री पुतणी आजीच्या अंथरुणात शिरली. खडे मारणाऱ्या मुंज्याची गोष्ट तिनं सबंध सांगून घेतली. मी बाहेरच्या खोलीत पेपर चाळत बसलो होतो. आईचा आवाज हळूहळू खाली गेला. मग पुतणीची हाक आली, “काका, दिवा राहू दे हं.”

चित्रपट पाहून आल्यावर ती हे म्हणाली नव्हती.